डाव्या वळणाचा अंबाडा

नर्मदाला कुणी विचारलं, इस्पितळात तू काय काम करतेस, तर ती बोटांवर मोजून सांगायची: लादी पुसते, चादरी बदलते, भांडं देते, भांडं घेते. केसांचं ती सांगायची नाही. तिच्या लेखी ते काम नव्हतंच.

गोष्ट २००९ सालची. कसालच्या पुढे, हायवेपासून जरा आत, काजूच्या बागेला लागून एक खाजगी इस्पितळ होतं. नाव सांगत नाही. आता ते तिथे राहिलेलंही नाही. खाली तपासणीच्या खोल्या, वर जनरल वॉर्ड, आणि जिन्याच्या टोकाला काचेच्या दाराआड सहा खाटांचं आयसीयू. नर्मदा त्या आयसीयूची मावशी. मूळची मालवणच्या किनाऱ्यावरची. वीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन तिने मासे विकले; गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा पाटी उतरवली आणि ही नोकरी धरली. नवरा कधीच गेलेला. एकुलती एक लेक भक्ती कणकवलीला कॉलेजात शिकत होती, आणि नर्मदाचा सगळा जीव त्या पोरीत अडकलेला होता.

दुपारी बारा वाजता डॉक्टर राउंड संपवून जेवायला घरी जायचे. नातेवाइकांना बाहेर काढलं जायचं. सिस्टर टेबलापाशी बसून कागद भरायच्या. बाहेर काजूच्या पानांवर ऊन तापत राहायचं आणि आत यंत्रांची टुकटुक सोडली तर कसला आवाज नसायचा. मग नर्मदा कमरेची पिशवी सोडायची. तिच्यात खोबरेलाची चपटी बाटली आणि एक लाकडी फणी. मधला एक दात मोडलेली, तिच्या आईच्या वेळची. आयसीयूत जितक्या बायका असतील तितक्यांच्या उशाशी ती एकेक करून बसायची, तळव्यावर तेल घ्यायची आणि हलक्या हाताने केस विंचरून अंबाडा घालायची.

तिच्या आईचं सांगणं होतं की बाईमाणूस मोकळ्या केसांनी गेलं तर परत येतं. फणी शोधत येतं, आणि येतं तेही भर दुपारी. नर्मदाला त्यातलं किती पटत होतं कोण जाणे. पण एवढं तिला दिसत होतं की नळ्यांनी जखडलेली, स्वतःचं नावसुद्धा न आठवणारी बाई असली तरी केसांतून फणी फिरली की तिच्या कपाळावरच्या आठ्या सुटतात. हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. वर्षाली सिस्टर तर म्हणायच्या, "मावशी, तुमच्या हाताला गुण आहे हो." सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच पुढे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

त्या फेब्रुवारीत चार नंबरच्या खाटेवर हौसाबाई आली. सत्तरीची, आयुष्यभर मासे विकलेली, म्हणजे नर्मदाच्याच धंद्यातली. मुंबईला लेकाकडे गेली असताना तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. तिथल्या मोठ्या इस्पितळात दीड महिना पडून राहिल्यावर तिने धोशा लावला, मराचा तर घराकडे. लेकाने गाडी करून आणली, पण घराचा उंबरठा लागायच्या आधीच तिला थंडी भरून ताप आला आणि गाडी थेट इकडे वळली. अंगात हाडं तेवढी उरली होती. केस मात्र कमरेखाली येतील एवढे, पांढरेशुभ्र.

पहिल्याच दुपारी नर्मदाने अंबाडा पिळायला घेतला तशी म्हातारीने डोकं हलवलं.

"तसो नको गो. डावीकडे पीळ. मी डावरी."

"उजवीकडे पिळलो तर काय होता?"

"पाटी बसाची नाय."

"आता खंय पाटी घेवन जातंस गो आये?"

"वर काय बाजार नसतलो?" म्हातारी म्हणाली, आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

डावीकडे पिळलेला अंबाडा नर्मदाच्या हाताला काही वळला नाही. रोज घालायची, रोज तो उजवीकडेच जायचा, आणि म्हातारी रोज तिच्या नावाने बोटं मोडायची. आठ दिवसांनी हौसाबाईचा श्वास अडखळू लागला, घशात नळी घालावी लागली आणि बोलणं थांबलं. ताप उतरेना. एक औषध झालं, दुसरं झालं, मुंबईहून मागवलेलं तिसरंही झालं. बारा वाजले की तिचे डोळे तेवढे दाराकडे लागायचे.

शिमग्याला पालखी नाचवायला नर्मदाच्या वाडीत प्रत्येक घरचं माणूस लागायचं. तिने दोन दिवसांची रजा घेतली. निघायच्या दुपारी एसटी चुकेल म्हणून घाई झाली आणि त्या दिवशी फणी निघालीच नाही. हौसाबाईने आपला डावा हात कष्टाने उचलून डोक्याकडे नेला. नर्मदा तिच्या कानाशी वाकली.

"उद्या येतंय गो. येवन बरो डावीकडे पिळतंय. सुरंगीचो वळेसर पण हाडतंय, बघ."

उद्या नाही, परवाही नाही, हे तिला ठाऊक होतं. पण आजाऱ्याला असंच सांगतात.

तिसऱ्या दिवशी ती सुरंगीच्या फुलांचा पिवळा वळेसर, म्हणजे गजरा, केळीच्या पानात बांधून घेऊन आली तेव्हा चार नंबरच्या खाटेवरची गादी दुमडलेली होती. आदल्या दुपारी बाराच्या सुमाराला हौसाबाई गेली होती.

"केस?" नर्मदाने विचारलं.

"केसांचं काय मावशी?" वर्षाली सिस्टर म्हणाल्या. "मोकळेच होते. चादरीत गुंडाळून नेलं लेकाने."

दुपारी मागच्या विहिरीच्या कठड्यावर नर्मदाने तो वळेसर ठेवला, हात जोडले आणि भडभडून रडली. संध्याकाळी पाहिलं तर तिथे नुसतं केळीचं पान होतं.

आठवड्याभराने मुंबईच्या प्रयोगशाळेचा कागद आला. डॉक्टर जितेंद्र तेव्हा पस्तिशीचे असतील, नांदगावचे, मवाळ बोलणारे. त्यांनी आयसीयूच्या सगळ्यांना बोलावलं.

"हौसाबाईंच्या रक्तात बुरशी होती," ते म्हणाले. "भाकरीवर येते, ओल्या भिंतीवर येते, तिच्याच जातीची, पण ही माणसाच्या अंगावर राहते. आपल्याकडची औषधं तिला लागू पडत नाहीत. हिचं नाव नक्की काय, तेही त्यांना सांगता येत नाहीये. धडधाकट माणसाच्या कातडीवर ती असली तरी त्याला पत्ता लागत नाही. पण हातात सुई, छातीत नळी असलेल्या अशक्त माणसापर्यंत पोचली आणि रक्तात उतरली, की मग आपल्या हातात फार काही राहत नाही. खाटेवर, नळावर, कपड्यावर ती आठवडेच्या आठवडे जिवंत राहते. तेव्हा तिला एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाऊ द्यायचं नाही. एवढंच आपल्याला करता येईल, आणि तेच करायचं."

मग नियम झाले. फिनेल बंद, क्लोरीनचं पाणी सुरू. प्रत्येक पेशंटचा थर्मामीटर वेगळा, बीपीचा पट्टा वेगळा, भांडं वेगळं, त्यावर नावाची चिठ्ठी. पेशंटला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर साबण. नर्मदाने ते सगळं देवाचं करावं तसं केलं. क्लोरीनने तिच्या बोटांची सालपटं निघाली. चार नंबरची खाट तिने तीनदा घासली, पायांची चाकंसुद्धा. आणि बारा वाजले की हात स्वच्छ धुऊन ती कमरेची पिशवी सोडायची.

मे महिन्यातली ती दुपार. दोन नंबरवर रूपाली नावाची पोर होती, चोवीस वर्षांची. बाळंतपणात फार रक्त गेलं म्हणून आणलेली. आता उठून बसायला लागली होती, आणि खाली बाळाचा आवाज आला की कान टवकारायची. नर्मदा तिची वेणी घालून उठली आणि बादली उचलायला वाकली, तेवढ्यात तिच्या कानांवर आवाज आला.

खर्र... खर्र...

लांब केसांतून फणी सावकाश ओढल्याचा. चार नंबरच्या हिरव्या पडद्याआडून. चार नंबरला त्या दिवशी कोणीच नव्हतं.

तिने टेबलाकडे पाहिलं. सिस्टर खाली मान घालून लिहीत होत्या. आवाज थांबला नाही. नर्मदाने रामाचं नाव घेतलं आणि पडदा बाजूला केला.

खाट रिकामी होती. सकाळी तिनेच घातलेली पांढरी चादर, सुरकुती नसलेली. उशीला मात्र मधोमध खळगा पडला होता, आणि त्या खळग्यात तेलाचा डाग. उशीपासून खाटेच्या कडेपर्यंत एकच एक लांब पांढरा केस पसरला होता. सुरंगीचा बहर सरून पंधरा दिवस झाले होते, तरी तिथे सुरंगीचा वास दाटला होता.

"सिस्टर... हंय कोण इला होता काय?"

"कोण येणार मावशी? दुपार आहे."

दुसऱ्या दिवशी तोच आवाज रूपालीच्या पडद्याआडून आला. रूपाली गाढ झोपली होती. तिच्या काळ्याभोर वेणीत एक पांढरा केस गुंफलेला होता, असा की कुणी मुद्दाम घालावा. नर्मदाने तो ओढून काढला. तिसऱ्या दिवशी रूपालीला ताप भरला.

सोळा दिवस ती झुंजली. बाळाला काचेपलीकडून दाखवायचे, ती हात हलवायची, मग हात हलवायचंही थांबलं. नर्मदाने एक दुपार चुकवली नाही. हिला तरी मोकळ्या केसांनी जाऊ द्यायचं नाही, असा तिने मनाशी निश्चय केला होता. रूपाली गेली तेव्हा तिची वेणी नीट घातलेली होती. तिचा नवरा सहदेव, बाळ खांद्यावर घेऊन, नर्मदाच्या पाया पडला.

"मावशीनू, तुमचो हात लागलो की तिका आवशीची आठवण येय," तो म्हणाला. "तुमचे उपकार फिटाचे नाय."

हे शब्द नर्मदाला पुढे जन्मभर चावणार होते. त्या वेळी तिने फक्त बाळाच्या टाळूवर हात ठेवायला हात पुढे केला, आणि का कोण जाणे, मागे घेतला.

रूपालीच्या रक्तातही तीच बुरशी निघाली. डॉक्टर जितेंद्रांनी आयसीयू उलटंपालटं केलं. नळ, बटणं, खाटांचे दांडे, फोन, स्वतःच्या खिशातलं पेन, सगळ्यांवर कापसाची काडी फिरवून नमुने पाठवले. सगळे स्वच्छ आले.

"मावशी," ते हताश होऊन म्हणाले, "खाटेवरून खाटेवर जाणारं आणखी काही राहिलंय का? आठवून बघा."

नर्मदाने मनापासून आठवून पाहिलं. बादल्या वेगळ्या, फडकी वेगळी, भांडी वेगळी.

"नाही डॉक्टर. सगळं वेगळं केलंय."

ती खोटं बोलत नव्हती. फणी तिच्या कमरेला होती, पण ती इस्पितळाची वस्तू नव्हती, औषधाची नव्हती, आजाराचीही नव्हती. ती मायेची वस्तू होती, आणि मायेची वस्तू त्या यादीत असते हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

तिचं मन दुसरीकडेच लागलं होतं. तिने गावी जाऊन देवळात गाऱ्हाणं घातलं. परशुराम गुरवाने हात जोडून मोठ्याने म्हटलं, "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान एका बायेक मोकळ्या केसांनी जावक दिल्यान. तेची चूकभूल पोटात घाल, आनि ती बाय फिरत आसात तर तिका तिच्या वाटेक लाव रे म्हाराजा!" चार माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा!" मग देवाला कौल लावला: हे जे होतंय ते हौसाबाईच्या केसांमुळेच का? देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी टपकन पडली. उजवा कौल. होय.

देव खोटं बोलला नाही. नर्मदाने त्याचा अर्थ मात्र आपल्या परीने लावला. हौसाबाई फणीसाठी फिरते आहे आणि बायकांना ओढून नेते आहे, तेव्हा आयसीयूत एकाही बाईचे केस दुपारी मोकळे राहता कामा नयेत. आधी ती दिवसातून एकदा विंचरायची, आता दोनदा विंचरू लागली.

जुलैत गंगू नावाची म्हातारी गेली. खुब्याचं हाड मोडून आलेली, जगायला हवी होती. तिच्याही पडद्याआड तो आवाज आला होता, तिच्याही अंबाड्यात तो पांढरा केस होता. शेजारच्या तीन नंबरवर महिनाभर पडून असलेला ट्रकवाला मात्र ठणठणीत बरा होऊन घरी गेला. इस्पितळात कुजबुज सुरू झाली की आयसीयूत काहीतरी आहे आणि ते फक्त बायकाच नेतं. डॉक्टरांच्या कानावर ते आलं तेव्हा ते हसले नाहीत. "फक्त बायकाच... का?" असं स्वतःशीच पुटपुटत ते खुर्चीत बसून राहिले.

आणि सप्टेंबरात, गणपती होऊन आठवडा झाला असेल, कणकवलीहून फोन आला. भक्तीचं अपेंडिक्स फुटलं होतं.

तिला इकडेच आणलं, ऑपरेशन त्याच दिवशी झालं. पोटभर पू झाला होता. छातीत नळी, हातात सुई, नाकात नळी अशा अवस्थेत तिला आयसीयूत आणलं. रिकामी खाट एकच होती, चार नंबरची. ती खाट नको म्हणायला नर्मदा कारण काय सांगणार होती?

बारा वाजले. डॉक्टर घरी गेले. भक्ती ग्लानीत होती, तिचे केस घामाने कपाळाला चिकटून उशीभर पसरले होते. लहानपणापासून त्या केसांना नर्मदाशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता. ती उशाशी बसली. हातमोजे काढून ठेवले. पिशवी सोडली.

"बाय माज्या... घाबरा नको हां. आवस आसा तुझी. आता इंचरतंय."

तिने फणी उचलली आणि तिचा हात हवेतच थांबला.

फणीच्या दातांत पांढरे केस होते. एकदोन नव्हे, गच्च भरलेले. सकाळीच तिने फणी साफ केली होती. तिने एक केस धरून ओढला. तो आला. लांब आला. अजून आला. तिच्या मांडीवर वेटोळं साठत गेलं तरी तो संपेना, आणि सुरंगीचा वास इतका दाटला की तिला गुदमरल्यासारखं झालं. मागे, अगदी मानेमागे, कुणीतरी उभं होतं. तिला वळायचं धाडस झालं नाही.

"हौसाबाय..." ती कुजबुजली. "माज्या चेडवाक नको गो... तुका काय व्हया ता सांग..."

फणी तिच्या हातात जड झाली. नर्मदा त्या केसांकडे पाहत राहिली. हे केस हौसाबाईच्या डोक्यातले. हौसाबाईच्या डोक्यातून या फणीत. या फणीतून... रूपालीच्या वेणीत. गंगूच्या अंबाड्यात. दोन्हीकडे तो पांढरा केस निघाला होता, आणि दोन्हीकडे आवाज यायच्या आधी त्या उशाशी कोण बसलं होतं?

डॉक्टर महिनोन् महिने विचारत होते की हे खाटेवरून खाटेवर जातंय कसं. कसं ते तिच्या हातात होतं.

तिने लेकीच्या केसांना बोट लावलं नाही. उठली, हात अंगापासून लांब धरून जिना उतरली आणि तळपत्या उन्हात अनवाणी डॉक्टरांच्या घरापर्यंत चालत गेली. जेवणावरून उठून आलेल्या डॉक्टरांसमोर तिने पायरीवर फणी ठेवली आणि बाटली ठेवली. तोपर्यंत फणीत एकही केस उरलेला नव्हता.

"मी मारलं डॉक्टर," ती म्हणाली. "दोघींना मीच मारलं."

तिचं ऐकून घेता घेता डॉक्टर तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

"चूक माझी," ते म्हणाले. "माझं स्वतःचं पेन तपासलं मी. पण तुम्ही दुपारी काय करता, हे मी कधी उभं राहून पाहिलंच नाही. मला वाटलं, मला माहीत आहे."

फणी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होऊन मुंबईला गेली. नर्मदाच्या हातांचे नमुने गेले. भक्तीच्या काखेतून, मानेवरून, केसांतून नमुने घेतले. अहवाल येईपर्यंत नर्मदाला आयसीयूची बंदी झाली, आणि भक्तीच्या केसांना कुणीही हात लावायचा नाही असं ठरलं.

ते दहा दिवस नर्मदाने काचेबाहेर उभं राहून काढले. आत भक्ती शुद्धीवर आली होती. केसांचा गुंता झाला होता, आईला पाहिलं की ती बोटाने डोक्याकडे खूण करायची आणि ओठ हलवायची. विंचर ना गो, आये. नर्मदा आपले सोलवटलेले तळवे काचेला लावून मान हलवायची. पोरीला कळायचं नाही, तिचे डोळे भरून यायचे. आईचे शब्द नर्मदाच्या कानांत घुमायचे, मोकळ्या केसांनी गेलं तर परत येतं, आणि वाटायचं की दार ढकलून आत जावं, बोटांनी का होईना, एक गाठ मारावी. किती वेळा तिचा हात दाराच्या मुठीवर गेला याची गणती नाही. प्रत्येक वेळी तिला रूपालीचं बाळ आठवलं आणि तिने मूठ सोडली.

दहाव्या दिवशी अहवाल आला. फणीवर तीच बुरशी होती. नर्मदाचे हात आता स्वच्छ होते, आणि भक्तीच्या अंगावर काहीही नव्हतं. मुंबईहून परत आलेली फणी डॉक्टरांनी नर्मदाच्या देखत मागच्या खड्ड्यात रॉकेल ओतून जाळली. आईच्या वेळची ती फणी चटचट जळाली, राख झाली, राखेवर माती ओढली. नर्मदा शेवटपर्यंत उभी राहिली.

दोन दिवसांनी भक्तीला आयसीयूमधून वॉर्डात हलवायचं ठरलं. दुपारी सव्वाबाराला वर्षाली सिस्टर आत गेल्या, आणि काचेचं दार उघडून चाकाची खुर्ची बाहेर आली. भक्ती हसत होती, अशक्त पण आपली. नर्मदा दोन्ही हात पसरून पुढे झाली.

आणि थबकली.

भक्तीचे केस विंचरलेले होते. एकही बट सुटी नव्हती. तेलाने चमकत होते. मानेवर खाली, पाटी बसावी असा, घट्ट अंबाडा होता, आणि त्याभोवती सुरंगीचा पिवळाधमक वळेसर, आत्ता झाडावरून काढावा तसा ताजा.

"सिस्टर... हिचे केस कोणी..."

वर्षाली सिस्टरांचा चेहरा पांढरा पडला. "सकाळी तर मोकळे होते. मी आत कुणालाही... कुणालाही नाही सोडलं मावशी."

"ती आजी गो," भक्ती म्हणाली. "रोज दुपारी येता. उशाकडे बसता नुसती, काय बोलणा नाय. आज बोलली."

"काय... काय म्हणाली?"

"म्हणाली, तुझी आवस माका उद्या येतंय म्हणान गेली. इली नाय. तुझेय केस मोकळेच. तुका तरी इंचरतंय." भक्तीने अंबाड्याकडे हात नेला. "तुझीच फणी होती तिच्याकडे, आये. एक दात मोडलेली. तूच दिलंस मां तिका?"

नर्मदा भिंतीला धरून खाली बसली. तिला रडू आलं ते भीतीचं होतं की म्हातारीच्या मायेचं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आपणही असंच केलं होतं. असंच, हलक्या हाताने.

निरोप मिळताच डॉक्टर जितेंद्र घरून धावत वर आले. त्यांनी वळेसराकडे एकदाच पाहिलं, हातमोजे चढवले, नळीतली कापसाची काडी काढली. पुन्हा नमुना, पुन्हा मुंबई, पुन्हा दहा दिवस. त्याआधी केस मोकळे करावे लागणार होते. वळेसर उतरवून त्यांनी बाजूच्या पिशवीत टाकला आणि अंबाडा सोडायला घेतला. एकदा ओढून पाहिला, दोनदा पाहिला. तो सुटेना, उलट आवळतच गेला, तशी भक्ती कळवळली.

नर्मदा जमिनीवरूनच, पदराआडून, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"डॉक्टरानू... डावीकडसून सोडा. तो डावीकडे पिळललो आसा."